पुरी-भाजी वाटून झाली, ४२ हजार उरलेत. आता काय करावं? (इंदूर)

राजेंद्रनगरकर | रविवार, रात्री ९:४८

मंडळी, सल्ला हवाय. भांडणं करायचीच असतील तर पहिल्या दहा प्रतिसादांनंतर करा, ही विनंती.

आमच्या मंडळाची यंदा गणपतीची वर्गणी बरी जमली. दरवर्षी शिलकीतून पितृपक्षातल्या एका रविवारी अन्नदान करतो. पुरी, बटाट्याची रस्साभाजी आणि बुंदी. बायपासच्या अंगाला ज्या नव्या इमारती उठतायत तिथल्या मजुरांच्या झोपड्यांपाशी टेम्पो नेतो. आज तेच केलं. लोक ओळीत बसले, आम्ही वाढलं, फोटो झाले, साडेबाराला घरी.

ओळीत एक बाई होती, अलीराजपूरकडची. कडेवर पोर. किती महिन्यांचं म्हणून विचारलं तर म्हणाली, 'डेढ साल का है'. माझा नातू सात महिन्यांचा आहे, जेमतेम त्याच्याएवढं. मी त्याच्या हातावर बुंदी ठेवली. लहान मुलाच्या हातावर काही ठेवलं की ते मूठ मिटतं ना? याने मिटली नाही. बुंदी सांडली, तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी आडवा झालो पण डोळा लागला नाही. मंडळाकडे अजून ४२ हजार आहेत. सौ. म्हणते दूध-बिस्किटं वाटा. अध्यक्ष म्हणतात कुपोषण हे सरकारचं काम, आपण पुढच्या वर्षी मांडव मोठा घालू. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, मला यातलं काही कळत नाही. या पैशाचा त्या पोराला खरंच उपयोग होईल असं काय करता येईल?

पोहे_जिरावन | रविवार, रात्री १०:१५

काका, राग नका मानू पण सांगून राहिलो. पितृपक्षात त्या वस्तीत एकेका रविवारी तीन-तीन टेम्पो येतात. गेल्या वर्षी मी मित्रांबरोबर गेलो होतो, आमच्या पुऱ्या शेवटी कुत्र्यांनी खाल्ल्या. ज्या शहरात रात्री बारा वाजता सराफ्यात भुट्ट्याच्या किसाला रांग लागते तिथे अन्न कमी नाही. मग ते पोर असं का, हे मलाही कळलेलं नाही. वाचतोय.

बालडॉक्टर | रविवार, रात्री ११:०२

राजेंद्रनगरकर, बाकी चर्चा नंतर. त्या मुलाला आधी शोधा. तुम्ही वर्णन केलंय ते नुसतं 'बारीक' मूल नाही. खाण्यात रस नाही, आजूबाजूला लक्ष नाही, ही धोक्याची खूण आहे.

कोणीही करू शकेल अशी तपासणी: डाव्या खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मधोमध, दंडाचा घेर मोजायचा. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तो ११.५ सेंटीमीटरच्या आत असेल तर तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ मध्यम. अंगणवाडी सेविकेकडे तिरंगी पट्टी असते, लाल-पिवळी-हिरवी, आकडे वाचता न येणाऱ्यालाही कळते. दुसरं, दोन्ही पावलांवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खड्डा राहिला तर सूज आहे, मग दंड कितीही भरो, थेट दवाखाना.

आणि कृपा करून अशा मुलाला दयेपोटी भरभरून खाऊ घालू नका. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेलं शरीर एकदम आलेलं अन्न पेलत नाही. पोषण पुनर्वास केंद्रात (सगळे एनआरसी म्हणतात) सुरुवातीला फक्त पातळ दुधाचा आहार देतात, १०० मिलीमध्ये ७५ कॅलरी, थोडा-थोडा, रात्रीसुद्धा. भूक परतली की १०० कॅलरीवाला. लोहाचं औषधही पहिल्या दिवसांत देत नाहीत. साधारण १४ दिवस आईसकट राहावं लागतं, पैसे लागत नाहीत, उलट आईला बुडालेल्या मजुरीपोटी भत्ता मिळतो.

आता पुरीबद्दल. लहान मुलाच्या जठरात किलोमागे ३० मिली मावतं. सात किलोचं मूल म्हणजे २१० मिली, एक लहान वाटी. ती वाटी डाळीच्या पाण्याने भरली तर पोट भरलं, मूल उपाशीच. त्याच वाटीत मऊ भात-डाळ कुस्करून चमचाभर तेल घातलं तर एवढ्याशा तेलाने ४० कॅलरी वाढतात. पण अशा वाट्या दिवसातून चार-पाच लागतात. वर्षातून एक रविवार ताटभर वाढून त्या मुलाला काही मिळत नाही.

हिशेबतपासणी | सोमवार, सकाळी ७:२०

'सरकारचं काम' म्हणणाऱ्या अध्यक्षांना हे आकडे दाखवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, २०१९-२१. मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, १९ टक्के उंचीच्या मानाने रोड, ३३ टक्के वजनाने कमी. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच आकडे ४२, २५.८ आणि ४२.८ होते. म्हणजे काम झालंय, नाही असं नाही.

पुण्या-मुंबईच्या सभासदांनी हसू नये. महाराष्ट्रात रोड मुलं २५.६ टक्के, आमच्यापेक्षा जास्त. बडोदेकरांनीही नाही, गुजरातेत २५.१.

मला सगळ्यात बोचतो तो आकडा वेगळाच आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी वयाला पुरेसं, पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचं खाणं देशभरात किती जणांना मिळतं? ११.३ टक्के. बाकीची ८८ काही सगळी झोपडपट्टीतली नाहीत.

पुण्यात_अडकलेला | सोमवार, सकाळी ८:०५

रोज एक अंडं द्या. विषय संपला.

पोहे_जिरावन | सोमवार, सकाळी ८:११

संपला नाही, आत्ता सुरू झाला 😀

जुनी_पर्यवेक्षिका | सोमवार, दुपारी २:३०

जेवणं आवरून बसलेय, सविस्तर लिहिते. महिला-बाल विकास खात्यात पर्यवेक्षिका होते, धार जिल्ह्यात आणि शेवटची वर्षं इंदूरला.

अंड्याचं आधी. २०१५ साली अलीराजपूर, मंडला आणि होशंगाबाद या जिल्ह्यांत अंगणवाडीत अंडं देऊन पाहू असा प्रस्ताव होता, तो वरच नाकारला गेला. पुढे सरकार बदललं तेव्हा पुन्हा निघाला, पुन्हा बारगळला. मी भिल्ल वस्त्यांत हिंडलेली बाई. त्यांच्या अंगणात कोंबड्या फिरतात. ज्या पोराला अंडं द्यायचं त्याच्या घरी सोवळं नव्हतं, सोवळं फायलीत होतं. असो.

२ ऑक्टोबर १९७५ पासून ही अंगणवाडी योजना चालू आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा आहार हा हक्क दिला, कुपोषिताला ८०० कॅलरी. हे दान नाही हो. पण त्यामागचा पैसा बघा: २०१७ साली माणशी दर ठरला तो दिवसाला ८ रुपये, अतिकुपोषिताला १२. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत आठ रुपयांत काय येतं ते तुम्हीच सांगा.

तीन वर्षांच्या पुढचं मूल अंगणवाडीत येऊन जेवतं. त्याच्याखालचं येत नाही, त्याच्यासाठी घरी न्यायची पाकिटं, मंगळवारी. मंगळवारी आई कुठे? साईटवर. पाकीट पोचलंच तर घरात पाच तोंडं, दोन दिवसांत फस्त. त्यात कुणाची चूक काढणार? आई काय मोठ्याला म्हणेल, हे तुझं नाही, बाहेर जा?

साईटवरच्या मुलांची आणखी एक अडचण. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) गावची, नाव गावच्या रजिस्टरमध्ये, मूल इंदूरला. गावची सेविका लिहिते 'बाहेर गेले', इथली म्हणते 'माझ्या हद्दीतलं नाही'. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) स्थलांतरित लाभार्थी इकडून तिकडे घेण्याची सोय आहे, पण कुणीतरी सेविकेपर्यंत पोचून ते करवून घ्यावं लागतं. आई आठवडाभर खाडा करून ते करणार नाही. तुमच्यासारखा बँकेतला निवृत्त माणूस मात्र करू शकतो. राजेंद्रनगरकर, फॉर्म-शिक्क्यांची सवय आहे ना?

२०२२ च्या उन्हाळ्यात मुख्यमंत्री हातगाडी घेऊन अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा करायला निघाले होते, तेव्हा इंदूरनेही हात आखडला नाही. देणारं गाव आहे आपलं. फक्त जे द्यायला सोपं तेच देतं.

पोहे_जिरावन | सोमवार, दुपारी ३:०४

ताई, त्याच साली पोषण आहाराच्या वाहतुकीची तपासणी झाली तेव्हा ट्रकांचे म्हणून लिहिलेले नंबर मोटारसायकलींचे निघाले होते, महालेखाकारांनी काढलेलं. मग लोक टेम्पोच करणार ना? निदान पुरी डोळ्यांदेखत पोटात जाते.

जुनी_पर्यवेक्षिका | सोमवार, दुपारी ३:२०

बरोबर आहे तुझं, मी खात्याची वकिली करत नाहीये. पण विश्वास उडाला म्हणून हक्क सोडायचा का? आठ रुपयांचा का होईना, त्या पोराचा आहे.

मल्हारगंजची_सून | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मी दोन गोष्टी सांगते, दोन्ही माझ्या फजितीच्या.

पहिली घरची. माझा धाकटा दोन वर्षांचा असताना दिवसाला दोन पुडे बिस्किटं आणि बाटलीभर दूध यावर जगायचा. गुटगुटीत दिसायचा. ताप आला म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! सासूबाईंनी मला काही म्हटलं नाही, गुपचूप तांदूळ-मूगडाळ धुऊन वाळवली, भाजली, दळून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून खिमट सुरू. वर तुपाची धार, कधी पालक घोटून. तेव्हा सौ. राजेंद्रनगरकरांना माझा निरोप सांगा, बिस्किटं मुळीच नकोत.

दुसरी गोष्ट वस्तीतली. आमच्या भिशीच्या बायका तीन वर्षांपूर्वी उत्साहात एका वस्तीत खिमट शिकवायला गेल्या. पिठाच्या पुड्या बांधून नेल्या, कृती हिंदीत छापून. उष्टावण सहाव्या महिन्यात का करायची यावर माझं छोटं भाषणही झालं. एक बाई सगळं ऐकून म्हणाली, 'दीदी, बनाना तो आता है। खिलाएगा कौन?' सकाळी आठला ती साईटवर जाते, साडेसहाला परत. मूल सहा वर्षांच्या बहिणीपाशी. बहीण त्याला दिवसभर काय देते? सेव. पाच रुपयांची पुडी, चोखत बसतं.

आम्ही पुड्या वाटून घरी आलो. पुन्हा गेलो नाही, कारण तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

बालडॉक्टर | सोमवार, रात्री ८:१०

'खिलाएगा कौन?' वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी हजार आयांना 'दिवसातून पाच वेळा भरवा' सांगितलं असेल. हे विचारायचं मला सुचलं नाही.

सिमेंट_रेती | सोमवार, रात्री १०:५५

बराच वेळ लिहू की नको करत होतो. मी बांधकाम ठेकेदार. काकांनी जिथे टेम्पो नेला ती साईट माझी नसेल, पण तशाच दोन आहेत.

कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पर्यंत. बांधकाम कामगारांचा १९९६ चा, कलम ३५. साईटवर ५० पेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली लागायची. आता मजा ऐका. माणसं मुकादमांमार्फत येतात. पाच मुकादम, एकेकाच्या हजेरीवर दहा-बारा बायका, त्याही अर्ध्या नवऱ्याच्या नावाखाली. कागदावर ५० कधी झाल्याच नाहीत. सेस म्हणून खर्चाचा एक टक्का कल्याण मंडळात भरतो आणि हात झटकतो. सगळेच असं करतात, मीही.

आज हा धागा वाचून साईटवर मोजलं. २२ बायका, सहा वर्षांखालची १४ मुलं. एक पोर क्युरिंगच्या (काँक्रीट भिजवायच्या) टाकीतलं पाणी पीत होतं. मी रोज तिथून जातो.

खोली देऊ शकतो. तळमजल्याचं पार्किंग झालंय, एक कोपरा भिंत घालून, पंखा लावून देतो. पिण्याच्या पाण्याचा कॅन रोज. पण तिथे बसणार कोण?

बालडॉक्टर | सोमवार, रात्री ११:१२

टाकीच्या पाण्याबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. जुलाब सुरू झाले की वरून घातलेलं खालून जातं आणि भूकही मरते. खोलीत मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या हव्यात. झिंक १४ दिवस पूर्ण द्यायचं, जुलाब थांबले तरी. साबण लागेल. आणि संडास कुठे आहे हेही बघा.

हिशेबतपासणी | मंगळवार, सकाळी ७:०५

झोप आली नाही म्हणून हिशेब मांडला. मजुरांच्या बायकांपैकीच दोघी, महिना ९ हजार प्रत्येकी: १८,०००. खाणं १४ मुलांना रोज २५ रुपये, २६ दिवस: ९,१००. एकूण २७,१००. मंडळाचे ४२ हजार दीड महिना पुरतील. सिमेंट_रेती यांनी एका बाईचा पगार उचलला तर सव्वादोन महिने. दोघींचा उचलला तर साडेचार.

सिमेंट_रेती | मंगळवार, सकाळी ७:४०

दोघींचा उचलतो. त्या आत्ता माझ्या साईटवर तगाऱ्या वाहतातच की.

पुण्यात_अडकलेला | मंगळवार, सकाळी ९:३०

उत्साह मोडायचा नाही, पण साडेचार महिन्यांनी काय? शिवाय दिवाळीला हे लोक गावी जाणार, होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेला पुन्हा. मूल परत तिथेच. बालवाडी काढून बंद पाडलेल्या तीन संस्था मी जवळून पाहिल्यात.

बालडॉक्टर | मंगळवार, सकाळी १०:१५

खरं आहे, आणि त्याचं अर्धंच उत्तर माझ्याकडे आहे. रोडावलेलं मूल नीट खाऊ घातलं तर आठ-दहा आठवड्यांत भरून येऊ शकतं. दिवाळीची सुट्टी धरूनही तेवढे आठवडे निघतात. तीव्र कुपोषित मुलाला साधा न्यूमोनिया किंवा जुलाब झाला तर मरणाचा धोका धडधाकट मुलापेक्षा दहा-अकरा पट, तेवढा तर टळेल. उंची खुंटली ती मात्र दोन वर्षांच्या पुढे फारशी भरून येत नाही, ते नुकसान आईच्या गरोदरपणातच सुरू झालेलं असतं. म्हणून त्या २२ बायकांत गरोदर किती, तेही विचारा.

जुनी_पर्यवेक्षिका | मंगळवार, सकाळी ११:००

साडेचार महिन्यांत जवळच्या अंगणवाडीत चौदाही नावं चढवायची. गरोदर बायकांचीही. मग हक्काचा आहार सरकारकडून, आणि मंडळाचा पैसा फक्त तेल-गूळ-शेंगदाण्याला. केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर असतं, त्यासाठी मागणीही करता येईल. लगेच होईल असं मी सांगत नाही, मला खातं माहीत आहे.

राजेंद्रनगरकर | बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, दोन दिवस धावपळ चालू आहे.

काल अंगणवाडीतून पट्टी मागून घेतली आणि सुनेला घेऊन आधी माझ्या त्या वस्तीवर गेलो. ते पोर सापडलं. दंड ११.२. मी दोनदा मोजला, सुनेने तिसऱ्यांदा. पायावर सूज नाही.

आईला केंद्रात चल म्हटलं तर सरळ नाही म्हणाली. घरी आणखी दोन, पाच आणि तीन वर्षांचे. नवरा गुजरातेत कामाला. आणि खर्ची शनिवारी मिळते, त्याआधी गेली तर मुकादम आठवड्याचे पैसे अडकवेल. भत्त्याचं सांगितलं. म्हणाली, तो कधी मिळणार? मला उत्तर देता आलं नाही. बँकेत तीस वर्षं लोकांना 'पुढच्या आठवड्यात या' सांगितलंय, त्याची आठवण झाली.

शेवटी सिमेंट_रेती यांना फोन केला. त्यांनी ओळखीतून तो मुकादम गाठला, आज दुपारी तिची खर्ची हातात आली. दोन मोठी मुलं तिच्या जावेकडे, जावेच्या खाड्याचे पैसे मंडळातून. (अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही.) चार वाजता मायलेकरू भरती झालं. वजन ५ किलो ९००. डॉक्टर म्हणाले भूक जवळजवळ नाहीच, चार-पाच दिवस बघू.

नंतर सिमेंट_रेती यांच्या साईटवर गेलो. चौदांपैकी पट्टीच्या वयाची अकरा: एक लाल, चार पिवळी, सहा हिरवी. गरोदर तिघी, एकीचंही नाव कुठे नोंदलेलं नाही. लाल निघालेल्या मुलीला पायावर सूजही आहे, तिला उद्या सकाळी नेतोय. तिची आई लगेच हो म्हणाली, का कोण जाणे.

मल्हारगंजची_सून | बुधवार, रात्री ९:५०

काका, खिमटाचं पीठ पाच किलो दळून तयार आहे. यंदा पुड्या बांधून वाटायच्या नाहीत, तिथेच शिजवायचं. ज्या दोघी बसणार आहेत त्यातली एक तीच आहे हो, 'खिलाएगा कौन' विचारणारी! सिमेंट_रेतींच्या साईटवर निघाली. मला तिने ओळखलं, मीच जरा ओशाळले.

पोहे_जिरावन | बुधवार, रात्री १०:०२

मी आणि दोन मित्र शनिवारी भिंतीला चुना मारायला येतो. ट्रॅकरवर नावं चढवायला काकांना मोबाइलवाला माणूस लागेल, तोही मीच.

पुण्यात_अडकलेला | बुधवार, रात्री १०:३०

पाचव्या महिन्याचे ९,१०० माझे. अंडी घ्यायची अट नाही, पण आयांना विचारा तरी.

राजेंद्रनगरकर | बुधवार, रात्री १०:४४

विचारलं होतं. चौदापैकी चौदा घरी चालतात.

सोमवारी सकाळी आठला खोली उघडते. गॅस, पातेलं, वाट्या जमल्या. खाली फरशी गार आहे आणि सतरंज्या दोनच आहेत. कोणाकडे जुन्या, धुतलेल्या असतील तर रविवारपर्यंत कळवा, मी स्कूटरवर येऊन घेऊन जाईन.

मल्हारगंजची_सून | बुधवार, रात्री १०:५१

माझ्याकडे एक आहे, लग्नातली. थोडी फाटलीय कोपऱ्यात, चालेल?

राजेंद्रनगरकर | बुधवार, रात्री १०:५३

चालेल.